फक्रुद्दीनचाचांचा लाल ठिपका

माझ्या मशीनला हात लावायची परवानगी जगात दोनच माणसांना आहे. एक मी, गोरक्ष, घोडेगावचा बँजोवाला. दुसरे नगरचे फक्रुद्दीनचाचा. आणि चाचांचं म्हणणं असं, की त्यातल्या पहिल्या माणसाला परवानगी देऊन चूकच झालीये.

मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. पण आजकाल मिळतो तो डब्याएवढा, बटण दाबलं की लगेच ओरडायला लागणारा प्रकार नव्हे. माझं मशीन व्हॉल्वचं. आत काचेचे व्हॉल्व असतात, चालू केलं की मिनिटभर दम धरायचा, मग ते नारंगी पेटतात आणि मग आवाज येतो. वजन बावीस किलो. वडिलांनी घेतलेलं, त्यांच्यामागं मी वाजवतो. बँजो पार्टी कुणी ऐकली नसेल तर सांगतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, ते मशीनला जोडायचं, मशीन कर्ण्यांना जोडायचं आणि सगळं टेम्पोवर चढवून वरातीपुढं निघायचं. नव्या मशीनवर बँजो पत्र्यावर खडे ओतल्यासारखा वाजतो. व्हॉल्ववर तोच बँजो गातो. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत बसत नाही, सरळ उठून जातो.

जिल्ह्यात व्हॉल्वची मशीनं माझ्या माहितीत चौदा उरलीत. चौदाच्या चौदा एकट्या चाचांच्या हातावर जिवंत आहेत. झेंडीगेटच्या बाजूला एका बोळात त्यांचं दुकान. पाटी नाही. पाटी कशाला, ज्याला यायचं तो येतोच, असं त्यांचं मत. पुढं दुकान, पडद्यामागं घर. दुकानात एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर दोन कर्णे आणि खोक्यांत गुंडाळून ठेवलेले जुने व्हॉल्व. कुठं जुनं सिनेमा थिएटर मोडलं की चाचा तिथं हजर. लोक तिथून पत्रे आणि खुर्च्या न्यायचे, हा माणूस व्हॉल्व उचलून छातीशी धरून आणायचा.

त्यांची कामाची एक पद्धत आहे आणि ती मोडायची कुणाची टाप नाही. वाजवणारा समोर बसल्याशिवाय ते मशीन उघडत नाहीत. एकदा पाथर्डीचा सहादेव म्हणाला, "चाचा, मशीन ठिवून जातो, परवा येतो न्यायला." चाचा म्हणाले, "बरं. आता ताप आला की डॉक्टरकडं नुसता सदरा पाठव." सहादेव गपचूप स्टुलावर बसला.

बसायचं, बँजो मांडीवर घ्यायचा आणि चाचा म्हणतील तेव्हा वाजवायचं. ते मशीन उताणं करणार, डावा हात पाठीमागं नेऊन ठेवणार, कारण आत चार-साडेचारशे व्होल्ट असतात आणि दोन्ही हात आत गेले की माणूस थेट वर जातो. मग उजव्या हातानं एकेका व्हॉल्वचा बायस लावणार. बायस म्हणजे व्हॉल्वला किती करंट द्यायचा ते. "कमी दिला तर उपाशी राहतो, जास्त दिला तर जळतो. आणि प्रत्येकाची भूक वेगळी," ते सांगायचे. मीटर ते व्होल्टपुरतं वापरायचे. आवाज मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे. "मीटरला काय कळतंय? त्याला कधी कुणी लग्नाला बोलावलंय का?" मग आतला एखादा कपॅसिटर काढायचे, दुसरा टाकायचे, परत म्हणायचे, वाजव. असं चार-चार तास.

शेवटी मनासारखं झालं की ट्रेबलचं बटण बरोबर मध्यावर आणायचं आणि त्याच्या टोकासमोर पत्र्यावर लाल ठिपका द्यायचा. फरीदाचाचीच्या नेलपॉलिशचा. ट्रेबल म्हणजे आवाजाची धार, ती त्या बटणानं कमीजास्त होते. "आवाज मी आत लावलाय," चाचा बजावायचे. "ठिपक्यावरनं बटण हललं, तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." मशीनवर चाचांचा लाल ठिपका असणं ही आमच्यात इज्जतीची गोष्ट होती. मी तर वरातीत मशीनचं तोंड मुद्दाम लोकांकडं करून ठेवायचो.

आता खरं सांगतो, आणि सांगताना लाज वाटते.

सात-आठ वर्षांपूर्वी चाचांकडून मशीन घेऊन आलो आणि वांबोरीच्या एका लग्नात वाजवायला बसलो. पहिलंच गाणं सुरू केलं आणि समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी कानात पदराचं टोक कोंबलं. आवाज सुईसारखा टोचत होता. मी इकडंतिकडं बघितलं आणि ट्रेबलचं बटण ठिपक्याच्या बरंच खाली ओढलं. लगेच गोड झालं. मला वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि जरा जास्तच.

मग एक दिवस सहादेव आमच्या घोडेगावच्या बाजारात म्हैस बघायला आला. चहा पिताना हळूच म्हणाला, "गोरक्षा, तू किती खाली घेतोस?"

"काय खाली घेतो?"

"सोंग नको करू. बटण."

मी कप खाली ठेवला. त्यानं दोन बोटांनी हवेत बटण फिरवून दाखवलं, एवढं. मीही दाखवलं, एवढं. दोघंही हसलो, आणि हसता हसताच कळलं. चाचांचा कान गेला होता. सगळा नाही. बोललेलं ऐकू यायचं, खालचे सूर यायचे, फक्त वरची धार त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. त्यांना आवाज बोथट वाटायचा, म्हणून ते धार लावायचे. त्यांच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत आमचे कान फाटायचे. चाळीस वर्षं कर्ण्यापुढं बसल्यावर दुसरं काय होणार?

मग हळूहळू कळलं, सगळेच तसं करतात. नगरहून मशीन आणलं की इमामपूरच्या घाटात मी टेम्पो थांबवायचो आणि बटण खाली घ्यायचो. परत न्यायचं झालं की त्याच घाटात ते बरोबर ठिपक्यावर आणून ठेवायचो. सहादेवाची जागा करंजीच्या घाटात. चौदा जणांच्या चौदा जागा. आणि दुकानात चाचांनी विचारलं, "कसंय?" की सगळ्यांचं उत्तर एकच, "बरोबर हाय, चाचा."

का नाही सांगितलं? सांगायचं कुणी? वडील गेले त्या वर्षी मी कर्णे न जोडताच मशीन चालू करून ठेवलं होतं. व्हॉल्वच्या मशीनला याच्याइतका मोठा गुन्हा नाही. आतला ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला. चाचांनी चार दिवस बसून तो हातानं पुन्हा गुंडाळला, एकेक वेढा मोजत, आणि ही गाढवगिरी कुणाची ते आजतागायत कुणाला सांगितलं नाही. अशा माणसाला तोंडावर सांगायचं, की चाचा, तुमचा कान गेला? माझी जीभ रेटत नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, भीतीही होती. चाचा रुसून घरी बसले तर आमची चौदा मशीनं भंगारात. मायेच्या नावाखाली आम्ही आपली सोयच बघत होतो.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर माझ्या मशीनमध्ये गुरगुर यायला लागली म्हणून मी नगरला गेलो. घाटात बटण वर घेतलं, दुकानात पोचलो, तर स्टुलावर एक पोरगी बसलेली. पंचवीस-सव्वीसची. पायाशी गोधडीत बांधलेलं मशीन. नाव मोनिका, भंडारदऱ्याकडची. मामा बँजो वाजवायचा, तो वारला, मशीन माळ्यावर पडून होतं. हिनं आणि गावातल्या पाच जणींनी मिळून पार्टी काढलेली. पहिली सुपारी आलेली, राजूरजवळ हळदीची. सुपारी म्हणजे आमच्यात ठरलेला कार्यक्रम. बाई माणूस, बावीस किलोचं ओझं, गावापासून संगमनेरकडच्या अकोल्यापर्यंत जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. मी म्हटलं, "पोरी, कुणी पुरुष माणूस न्हाई का बरुबर?"

"हाय ना," ती म्हणाली, "पन मशीन मलाच वाजवायचंय."

चाचा खूश झाले. त्यांना अशी माणसं आवडतात. त्यांनी मशीन उघडलं, उंदरानं कुरतडलेल्या वायरी काढल्या, दोन कपॅसिटर बदलले, एक व्हॉल्व मेलेला होता, त्याची जोडी शोधायला अर्धं दुकान खाली काढलं. दुपारचे तीन वाजले. मी भिंतीला टेकून बघत होतो. पोरगी वाजवायला लागली आणि मी सरळ बसलो. हात चांगला होता हो तिचा. उगाच बटणांवर नाचत नव्हती, एकेक सूर ठेवून वाजवत होती.

चाचा डोळे मिटून फिरवत गेले, धार लावत गेले. शेवटी म्हणाले, "हां. आता ऐक."

तिनं वाजवलं आणि मधेच थांबली. "चाचा, टोचतंय."

पडद्यामागं फरीदाचाची भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला.

"काय होतंय?"

"वरचा सूर लई टोचतोय कानाला."

चाचांचा चेहरा लाल झाला. "अगं, तुझ्या वयाहून जास्त वर्षं मी हे करतोय. जिल्ह्यातली चौदा मशीनं या हातातनं जातात. आजवर एकानं म्हटलं नाही टोचतंय." मग माझ्याकडं बोट केलं. "हा बघ. घोडेगावचा गोरक्ष. याच्यासारखा बँजो जिल्ह्यात कुणी वाजवत नाही. गोरक्षा, तू सांग हिला. टोचतंय?"

माझ्या दाढेत कळ आली होती इतकं टोचत होतं. पोरगी माझ्याकडं बघत होती. चाचा माझ्याकडं बघत होते. जिल्ह्यात माझ्यासारखा कुणी वाजवत नाही, हे ते पहिल्यांदाच बोलले होते.

"न्हाई चाचा," मी म्हणालो. "बरोबर हाय."

मोनिकानं मान खाली घातली. "माझाच कान कच्चा आसंल," ती म्हणाली. चाचांनी तिच्या मशीनवर लाल ठिपका दिला, बटणाला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि तिनं शहाण्या पोरीसारखी मान हलवली. गोधडी बांधली. मी मशीन रिक्षात ठेवायला मदतही केली. तेव्हा सांगायचं होतं ना? दोन वाक्यं होती. पोरी, संगमनेर आलं की बटण खाली घे. पण चाचा दारात उभे होते. आणि मी मनात म्हटलं, आम्हाला जसं कळलं तसं तिलाही कळेल.

तिला कसं कळणार होतं? आम्ही चौदा जण एकमेकांचे सोबती, जुनी खोडं. ती एकटी, नवी, आणि तिनं चाचांचा आणि माझा शब्द खरा धरला होता.

त्यानंतर दहाव्या दिवशी मी पुन्हा नगरात होतो. एक व्हॉल्व चालता चालता चिडीचूप व्हायला लागला होता. आदल्या दिवशीची वरात उरकून सरळ तिकडूनच आलो. मशीन कपडा टाकून टेबलावर ठेवलं, चाचा चष्मा शोधायला आत गेले आणि मला एकदम आठवलं. घाटात थांबायचं राहिलं होतं. बटण तसंच खाली. मी कपड्याखाली हात घालणार, तेवढ्यात दारात मोनिका उभी. मशीन नाही, बँजो नाही. नुसती आलेली.

चाचा बाहेर आले. "ये ये. कशी झाली हळद?"

"न्हाई झाली," ती म्हणाली. "दुसऱ्याच गान्याला नवरीची आजी उठून आत गेली. पोरं कान धरून रडाया लागली. लोकं म्हनली बंद करा. मी म्हनलं, जरा थांबा, होईल. नवऱ्याच्या मामानं वायर उपसली आन मोबाईल लावला बॉक्सवर. आमी सहाजनी तितंच, नव्या साड्या नेसून, मांडवात बसून ऱ्हायलो. पुढच्या दोन सुपाऱ्या हुत्या, त्यांनी बी फोन करून न्हाई म्हनून सांगितलं."

चाचांचं तोंड उघडं पडलं. मग नेहमीचा ताठा आला. "मशीनमध्ये काही नाही. मी स्वतः लावलंय. तुम्ही बटण हलवलं असणार."

"न्हाई हलवलं चाचा. तुमी सांगितलं हुतं ना. तीच तर चूक झाली." ती एक पाऊल आत आली. "मी तुमच्याशी भांडाया न्हाई आले. ह्यांच्याशी आले. घोडेगावला गेल्ते, कळलं हितं आलाय." ती माझ्याकडं वळली. "दादा, मला म्हायती हुतं टोचतंय. तुमी न्हाई म्हनलात म्हनून मी माझा कान खोटा धरला. पाच जनींच्या घरी मी जाऊन सांगितलं हुतं, या, काय हुत न्हाई. आता त्यांच्या सासवा मला दारात उबं करत न्हाईत. आता खरं सांगा. टोचत हुतं का न्हाई?"

मी तसा तोंडाळ माणूस. वरातीत कुणी आडवं बोललं तर दोन शब्द जास्तच देऊन येतो. त्या दिवशी दोनच शब्द निघाले.

"टोचत हुतं," मी म्हणालो.

चाचा टेबलापाशी गेले आणि माझ्या मशीनवरचा कपडा ओढला. बटणाचं टोक एकीकडं, लाल ठिपका दुसरीकडं. ते वाकले. ठिपका बघितला, मग बटणाभोवतीचा पत्रा बोटानं चाचपला. खालच्या बाजूला रंग उडून पत्रा पांढरा झाला होता. एका दिवसात नाही उडत असा रंग.

"किती वर्षं?"

"सहा. सात म्हणा."

"तू एकटा?"

मी मान हलवली. "सगळेच."

"सहादेव?"

"सहादेव, छगन, भीमा... सगळेच, चाचा."

ते स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. फरीदाचाची पडदा सारून बाहेर आल्या. घरात ते उर्दूतच बोलतात, मी आपलं मराठीत सांगतो. चाचांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"टीव्हीचा आवाज तुम्ही चौतीसवर लावता," चाची म्हणाल्या. "शेजारच्यांनाही माहीत आहे. चार वेळा म्हटलं डॉक्टरकडं चला. तुम्ही म्हणालात, माझा कान डॉक्टरपेक्षा पक्का आहे."

मला वाटलं आता चाचा भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"गुरगुर आली की मशीन घेऊन येता. फ्यूज उडाला की येता. जळका वास आला की धावत येता. आणि माझ्यात बिघाड झाला, तर चौदातल्या एकानं तो माझ्याकडं आणला नाही?" त्यांनी चष्मा काढला. "पूर्वी दर मशीनमागं भांडण व्हायचं इथं. मला वाटायचं, आता हात इतका बसलाय की कुणी भांडतच नाही. घरात जाऊन हिला सांगायचो मी तसं. गर्वानं सांगायचो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली, आलं. मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटलं असतं की! आठ दिवस जेवलो नसतो. मग उठून काहीतरी केलं असतं. तुम्ही मला सहा वर्षं चुकीचा माल विकायला लावला, माझ्या नावानं, वर ठिपका देऊन. आणि या पोरीनं तो खरा मानला."

ते उठले. चेहऱ्यावर पुन्हा ते जुनं काहीतरी आलं होतं. मोनिकाला म्हणाले, "मशीन कुठंय?"

"घरी."

"गोरक्षा, टेम्पो काढ. घेऊन ये जा."

नगरहून भंडारदरा किती लांब आहे ते नकाशात बघा. मी टेम्पो काढला. मोनिकाला बसवून गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन आम्ही दुकानात हजर. चाचांनी मशीन उताणं केलं. तिला स्टुलावर बसवलं.

"आता कान तुझा, हात माझा. टोचलं की टोचलं म्हणायचं. माझं तोंड बघायचं नाही."

मी नेहमीच्या जागी भिंतीला टेकायला गेलो. म्हटलं, आपणही मदत करावी. "मीबी ऐकतो, चाचा. दोन कान असलेले बरे."

त्यांनी वर बघितलं. "तुझा कान चांगलाय रे. पण मला त्याचा काय उपयोग? तो ऐकतो ते तू सांगतोस कुठं? जा, बाहेर बस."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. जिल्ह्यात ज्याच्यासारखा कुणी वाजवत नाही तो गोरक्ष, बोळातल्या पायरीवर, चपलांशेजारी. आतून ऐकू येत होतं. "आता?" "टोचतंय." "आता?" "अजून." "आता?" "थोडंसंच." मग तिनं एक सूर लावला आणि तो उघड्या दारातून इतका स्वच्छ बाहेर आला, की समोरच्या खिडकीतली बाई केस विंचरायची थांबली. चाचांनी मला आत बोलावलं नाही. चाचीकडनं कापूस आणि नेलपॉलिश पुसायची बाटली मागितल्याचं मात्र मी ऐकलं.

त्यानंतर त्यांनी राजूरला फोन लावला, नवऱ्याच्या त्या मामाला. "मी नगरचा फक्रुद्दीन बोलतोय. हळदीत जो त्रास झाला तो मशीनचा होता. पोरींचा नाही. आणि मशीनचाही नाही, माझा होता. माझे कान कमी झालेत." असं सरळ सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. रद्द झालेल्या दोन्ही घरांनाही तसाच फोन. त्यातली एक सुपारी परत आली. दुसरी नाही आली.

मग मला आत बोलावलं आणि माझा मोबाईल टेबलावर ठेवायला लावला. "आता एकेकाला लाव. स्पीकर चालू कर. सांग, मशीन चुकीचं लागलंय, घेऊन या. का चुकीचं लागलंय तेही सांग."

पहिला फोन सहादेवाला. मी सगळं सांगितलं. सहादेव म्हणाला, "म्हाताऱ्याला कुनी सांगितलं? तू?"

"न्हाई. एका पोरीनं."

सहादेव म्हणाला, "बरं झालं बाबा. लई दिवस छातीवर धोंडा हुता. पन आता म्हातारा भडकला आसंल ना? मी न्हाई येत लगेच. चार दिवस जाऊ दे."

चाचा मोबाईलवर वाकले. "म्हातारा ऐकतोय. उद्या सकाळी दहाला ये."

पलीकडं सहादेवाच्या हातातनं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मोनिका पहिल्यांदा हसली.

तेराजण येऊन गेले. चाचांनी नवा नियम काढला, ज्याचं मशीन त्याचा कान, आणि जो तोंड बघून हो म्हणेल त्याला बाहेरची पायरी. मधे चाची त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. कानात घालायचं यंत्र मिळालं. चाचांनी ते पहिल्याच दिवशी उघडून बघितलं आणि "यात व्हॉल्व नाही, आवाज पातळ येणारच," म्हणून चाचीला परत दिलं. टीव्हीपुरतं घालतात म्हणे.

माझं मशीन सगळ्यांत शेवटी. अडीच आठवडे मी विनामशीन होतो, लग्नसराईत, भाड्याच्या डब्यावर वाजवत. एका शब्दानं कुरकुर केली नाही. शेवटी बोलावणं आलं. मी स्टुलावर बसलो, बँजो मांडीवर घेतला. चाचा दीड तास फिरवत होते, थांबत होते, माझ्याकडं न बघता "हं?" म्हणत होते. धार उतरली. आवाज गोड झाला, अगदी वडिलांच्या वेळी होता तसा. शेवटी त्यांनी हात पुसले.

"कसंय?"

बरोबर हाय, चाचा. शब्द जिभेवर आलेच होते. आणि ते जवळजवळ खरेही होते. इतकं चांगलं लागलं होतं, की मला सोडून कुणाला काही कळलंही नसतं. मी पुन्हा एकदा वाजवलं. खालच्या तारेशी काहीतरी होतं.

"चाचा," मी म्हणालो, "खालचा सूर दबलाय."

ते सावकाश वळले. "काय झालंय?"

"दबलाय. मोकळा येत न्हाई."

"दबलाय? अरे, तुझ्या तारा गंजल्यात!"

"परवाच टाकल्यात नव्या."

"मग हात जड झालाय तुझा. भाड्याच्या डब्यावर वाजवून वाजवून बिघडवून घेतलायस."

"डब्यावर कुनी पाठवलं मला? अडीच आठवडे मशीन कुनी अडकवून ठिवलं?"

"मला शिकवतोस? या टेबलावर?"

"शिकवत न्हाई, ऐकू येतंय ते सांगतोय!"

मी उभा राहिलो होतो. तेही उभे राहिले होते. चाची आतून ओरडल्या की शेजारी दारात येऊन उभे राहिलेत, लाज धरा. आम्ही दोघांनीही त्यांचं ऐकलं नाही. चहा दोनदा आला आणि दोनदा निवून परत गेला. मी काही मागं हटलो नाही आणि त्यांनीही मला पायरीवर जा म्हटलं नाही. सहा वर्षांत त्या माणसाशी मी एकदाही भांडलो नव्हतो.